अंतराळातला पांढरा रंग किती दिवस पांढरा राहतो?

एक चौरस मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या, त्याला उत्तम पांढरा लेप द्या आणि पृथ्वीभोवतीच्या कक्षेत सूर्यासमोर सरळ धरा. त्याच्यावर सुमारे १३६१ वॉट ऊन पडतं. लेप नवा असताना त्यातलं १५ टक्के शोषतो, म्हणजे २०४ वॉट. पत्र्याचं तापमान २७ अंश सेल्सिअस आणि उत्सर्जनांक (उष्णता बाहेर सोडण्याची क्षमता दाखवणारा आकडा) ०.९ धरला, तर तो ४१३ वॉट अवकाशात सोडतो. म्हणजे उपग्रहाच्या पोटातली २०९ वॉट उष्णता बाहेर टाकायला जागा उरते. आता काही काळाने तोच लेप पिवळट पडला आणि १५ ऐवजी ३० टक्के ऊन शोषू लागला असं समजा. आत येणारे झाले ४०८, बाहेर जाणारे तेच ४१३. शिल्लक ५ वॉट. पत्रा जागेवर आहे, रंग जागेवर आहे, एक स्क्रूही हललेला नाही. उपग्रहाची उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर म्हणून मात्र तो कामातून गेला.

हा हिशेब बी.एस्सी.चा विद्यार्थीही मांडू शकतो. पाठ्यपुस्तकात मिळत नाही तो मधला आकडा: १५ चे ३० व्हायला किती दिवस लागतात? कोणत्या कक्षेत, कोणत्या लेपाला, कशामुळे? तो लेपाला प्रत्यक्ष अंतराळात ठेवूनच काढावा लागतो. हे मोजमाप भारतात सरकारी खर्चाने, नेमाने, एकाच पद्धतीने व्हावं आणि त्याचे निकाल सगळ्यांना खुले असावेत, अशी मागणी मी या लेखात करतो आहे. रंग कोणी बनवायचा हे बाजारावर सोडता येईल. तो किती टिकतो हे शोधणं बाजारावर सोडता येणार नाही.

आपल्याकडे गच्चीला पांढरा रंग लावायची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. पहिल्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर फरक कळतो, दोन पावसाळे गेले की शेवाळ आणि धूळ बसते, मग गच्ची धुऊन पुन्हा हात मारायचा. उपग्रहाला दुसरा हात नाही. पहिल्या दिवशी जे लावलं ते पाच, दहा, पंधरा वर्षं पुरवायचं. म्हणून अंतराळातल्या लेपाकडे नवा असतानाच्या शुभ्रतेवरून पाहण्यात अर्थ नाही, आयुष्याच्या शेवटच्या दिवशीचा त्याचा आकडा पाहायचा. उपग्रहाचा रेडिएटर किती मोठा हवा, किती वजनाचा हवा, हे त्या शेवटच्या आकड्यावर ठरतं.

या विषयात दोनच आकडे मुख्य आहेत. एक शोषणांक, ज्याला या क्षेत्रातले लोक अल्फा म्हणतात: पडलेल्या उन्हातलं किती आत घेतलं. दुसरा उत्सर्जनांक, म्हणजे एप्सिलॉन: स्वतःची उष्णता अवरक्त किरणांनी किती चांगली बाहेर सोडली. हवा नसल्यामुळे वाऱ्याने गार होण्याचा प्रश्नच येत नाही. तापमान या दोहोंच्या गुणोत्तरावर ठरतं. पाठीमागून उष्णता जाऊ न देता पत्रा सूर्यासमोर धरला आणि दोन्ही आकडे सारखे असले, तर तो सुमारे १२१ अंशांवर स्थिरावतो. वरच्या नव्या पांढऱ्या लेपाचा पत्रा उणे २२ वर आणि पिवळट पडलेला अधिक २६ वर. चकचकीत सोन्याचा मुलामा दिला तर तो साडेतीनशे अंशांच्याही वर जातो, कारण सोनं ऊन थोडंच घेतलं तरी घेतलेलं जवळजवळ सोडतच नाही. (उपग्रहावर दिसणारं सोनेरी कापड बहुधा सोनं नसतंच; मागून ॲल्युमिनियम चढवलेला कॅप्टॉन नावाचा पिवळसर पापुद्रा असतो.)

पांढरा रंग फक्त उन्हापासून वाचवतो, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. अवरक्त उष्णता समोरून आली तर चांगला सोडणारा पृष्ठभाग ती तितकीच चांगली शोषून घेतो, तिथे पांढरेपणाचा उपयोग नाही. पृथ्वीकडून सरासरी २४० वॉट प्रति चौरस मीटरच्या आसपास अशी उष्णता येते, ती सोसता येते. चंद्राची गोष्ट वेगळी आहे. दुपारच्या बाजूला त्याची जमीन ११० ते १२० अंशांपर्यंत तापते आणि १०० किलोमीटरवरून फिरणाऱ्या यानाच्या तळाला प्रति चौरस मीटर हजार वॉटपेक्षा जास्त उष्णता लागते. चांद्रयान-१ ऑक्टोबर २००८ मध्ये निघालं. नोव्हेंबर संपेपर्यंत यानावरचं तापमान ५० अंशांच्या घरात गेलं आणि काही काळ उपकरणं आळीपाळीने चालवावी लागली. मे २००९ मध्ये कक्षा १०० वरून २०० किलोमीटरवर नेली. दोन वर्षांसाठी आखलेली ती मोहीम ३१२ दिवसांनी संपली. चंद्राजवळची उष्णता अंदाजापेक्षा जास्त निघाली, हे मोहिमेतल्या लोकांनी नंतर उघडपणे सांगितलं. ते सांगितल्यामुळेच त्यातून शिकता आलं, आणि माझी मागणी नेमकी अशाच उघडपणाची आहे.

आता लेप प्रत्यक्ष बनतो कसा ते जरा जवळून पाहू, कारण तो किती दिवस टिकणार याची बरीचशी बीजं कार्यशाळेतच पेरली जातात. झेड-९३ या घराण्याचा लेप घेऊ. १९६० च्या दशकात शिकागोच्या आयआयटी रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तो विकसित झाला आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या रेडिएटरवर त्याचीच पुढची आवृत्ती आहे. घटक तीनच: झिंक ऑक्साइड, पोटॅशियम सिलिकेट आणि पाणी. तेल नाही, रेझिन नाही, सेंद्रिय काहीच नाही. नवा असताना शोषणांक ०.१५ च्या आसपास आणि उत्सर्जनांक ०.९ च्या वर.

ऐकायला सोपं वाटतं, पण पत्र्यापासूनच अडचणी सुरू होतात. ॲल्युमिनियम आधी खरवडून, क्षारीय साबणाने धुऊन, आयनविरहित पाण्याने खळखळून काढायचं. मग त्यावर पाणी सोडून पाहायचं: पाण्याचा पापुद्रा अखंड पसरला तर पत्रा स्वच्छ, कुठे थेंब गोळा झाले तर तिथे तेलाचा अंश आहे आणि तिथूनच लेप पुढे सुटणार. झिंक ऑक्साइड आधी भट्टीत भाजून घ्यावं लागतं, मग चिनी मातीच्या बरणीत गोट्यांबरोबर सिलिकेटच्या द्रावणात दळायचं. दळण कमी पडलं तर गुठळ्या राहतात. जास्त झालं तर कणांच्या पृष्ठभागावर ताजे घाव पडतात आणि अतिनील किरणांचा मारा सुरू झाला की काळवंडणं तिथूनच सुरू होतं. फवारणी पातळ थरांनी करून एकूण जाडी १०० ते १३० मायक्रोमीटर आणायची. त्याहून पातळ राहिला तर खालचा धातू आरपार जाणवतो आणि शोषणांक चढतो. जाड झाला तर वाळताना उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडतात. वाळवणीही दमट हवेत, खोलीच्या तापमानाला, कित्येक दिवस. वेळापत्रक गाठायचं म्हणून भट्टीत घातला की वरचा थर आधी आवळतो, आतलं पाणी अडकतं आणि चिकटपणा जातो.

एवढं सगळं नीट जमलं तरी हा लेप सच्छिद्र आणि खडूसारखा असतो. कोणी उघड्या बोटाने नुसता स्पर्श केला, तरी कातडीचं तेल छिद्रांत उतरतं. डोळ्यांना काही दिसत नाही. कक्षेत काही आठवडे ऊन लागलं की तोच ठसा तपकिरी होऊन उमटतो.

तिथे वर लेपावर काय काय येतं? सूर्याचा न गाळलेला अतिनील प्रकाश, विद्युतभारित कण, ९०-९५ मिनिटांच्या प्रत्येक फेरीत कडाक्याची थंडी आणि ऊन, आणि खालच्या कक्षेत अणुरूप, म्हणजे सुट्या अणूंचा, ऑक्सिजन. या शेवटच्याबद्दल पृथ्वीवर बसून अंदाज येत नाही. उपग्रह सेकंदाला साडेसात-पावणेआठ किलोमीटर वेगाने जातो, त्यामुळे ऑक्सिजनचा प्रत्येक अणू पुढच्या बाजूवर सुमारे ५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने आपटतो. एका चौरस सेंटिमीटरवर १० चा २१ वा घात इतके अणू पडले, तर कॅप्टॉनचा ३० मायक्रोमीटरचा थर झिजून जातो. नेहमी वापरली जाणारी २५ मायक्रोमीटरची कॅप्टॉन फिल्म तेवढ्यात संपते.

एल्डेफ नावाचा अमेरिकी प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजर या स्पेस शटलने तो कक्षेत सोडला आणि जानेवारी १९९० मध्ये कोलंबिया या शटलने परत आणला. त्यावर ए-२७६ हा पॉलियुरेथेनचा पांढरा रंग होता. मागच्या बाजूचे, म्हणजे ऑक्सिजनचा मारा न बसलेले नमुने तपकिरी झाले होते. पुढच्या बाजूचे पांढरेच होते! ते टिकले म्हणून पांढरे नव्हते. अतिनील किरणांनी तपकिरी केलेला बाइंडर, म्हणजे रंगाची भुकटी धरून ठेवणारा घटक, ऑक्सिजन खरवडून नेत होता आणि वर मोकळी पांढरी भुकटी उरली होती. नुसता शोषणांक मोजला असता तर पुढची बाजू उत्तम म्हणून पास झाली असती. हात लावला की भुकटी बोटाला येत होती. त्याच प्रयोगात चांदी चढवलेल्या टेफ्लॉनच्या पट्ट्याही होत्या. पाठीवरचा कागद सोलताना आणि पट्टी चिकटवताना चांदीच्या थराला बारीक चिरा गेल्या होत्या. त्या चिरांतून गोंद वर आला आणि उन्हाने तपकिरी पडला. दोष टेफ्लॉनचा नव्हता, चिकटवण्याच्या पद्धतीचा होता. हे निकाल नासाने परिषदांमधून आणि अहवालांमधून जगापुढे ठेवले, म्हणून आज आपणही ते वाचू शकतो.

आणखी एक गोष्ट भारतातल्या नियोजनासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. झिंक ऑक्साइड निर्वातात अतिनील किरणांखाली राहिलं की पृष्ठभागावरचा ऑक्सिजन गमावतं आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यात जास्त शोषू लागतं. पण हवा लागली की ते बरंचसं पूर्ववत होतं. सिलिकोन बाइंडरच्या एस-१३ रंगावर साठच्या दशकात हे ध्यानात आलं. निर्वातपात्र उघडून नमुना बाहेर काढला आणि मग मोजला, तर तो जवळजवळ निरोगी दिसायचा. अंतराळात मात्र तापमान चढत राहायचं. म्हणजे नमुना परत आणून मोजला तरी खरं कळेलच असं नाही. मोजमाप जिथल्या तिथे, निर्वातातच झालं पाहिजे.

इथे भारताकडे एक साधन आयतं आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा उपग्रह सोडून झाल्यावर पूर्वी नुसता भटकत राहायचा. जून २०२२ मधल्या सी-५३ उड्डाणापासून इस्रो त्याच टप्प्याला पोएम या नावाने दिशानियंत्रण, सौरपत्रे आणि संदेशवहन देऊन प्रयोगमंच म्हणून वापरते. डिसेंबर २०२४ च्या सी-६० उड्डाणातल्या पोएम-४ वर २४ प्रयोग होते, त्यातले १० इस्रोबाहेरच्या संस्थांचे. नमुना परत आणता येत नाही ही पोएमची उणीव सांगितली जाते. पण वर पाहिलं तसं लेपाच्या बाबतीत जिथल्या तिथे मोजणंच जास्त विश्वासार्ह आहे.

त्यासाठी लागणारं उपकरण साधं आहे. २५ मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची चकती. वजन सव्वा ग्रॅमच्या थोडं वर. पुढे लेप, मागे तापमापक, चहूबाजूंनी बहुस्तरीय उष्णतारोधक आवरणाची वाटी. पृथ्वीच्या सावलीत शिरल्यावर चकती किती वेगाने गार होते त्यावरून उत्सर्जनांक निघतो: उत्सर्जनांक ०.९ असेल आणि चकती २७ अंशांवर असेल, तर सुरुवातीला मिनिटाला सुमारे १० अंश. उन्हात आल्यावर किती वेगाने तापते त्यावरून शोषणांक. असे आठ-दहा नमुने एका पाटीवर आणि त्यांच्या शेजारी दोन संदर्भ चकत्या, एक काळी आणि एक चांदीच्या पाठीचा क्वार्ट्झ आरसा. सूर्याचा कोन कळला नाही तर सगळं व्यर्थ, म्हणून सूर्यवेधक त्याच पाटीवर हवा.

चुकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. तापमापकाला नेहमीची तांब्याची तार जोडली की खेळ बिघडतो. ०.१ मिलिमीटर जाडीच्या, ५ सेंटिमीटर लांबीच्या दोन तारा ५० अंशांच्या फरकाला ६ मिलिवॉट उष्णता वाहून नेतात. चकती स्वतः २०० मिलिवॉट सोडते. म्हणजे तीन टक्के चूक नुसत्या तारेतून. उष्णता कमी वाहणाऱ्या मँगॅनिन या मिश्रधातूची तार वापरली तर ती चूक पंधरा-वीस पटींनी घटते. दुसरी जागा शेजाऱ्यांची. मंचावरच्या एखाद्या खोक्यातला गोंद निर्वातात वाफ सोडत असेल, तर ती वाफ थंड नमुन्यांवर बसते, ऊन तिला तपकिरी करतं आणि दोष लेपाच्या माथी लागतो. म्हणून मंचावरच्या प्रत्येक सेंद्रिय पदार्थाला नेहमीची कसोटी सक्तीची हवी: १२५ अंशांना २४ तास निर्वातात ठेवल्यावर वजनातली घट १ टक्क्याच्या आत आणि २५ अंशांच्या पट्टीवर जमलेला अंश ०.१ टक्क्याच्या आत.

पोएमचं आयुष्य काही महिन्यांचंच असतं, हा आक्षेप रास्त आहे. पोएम-४ सुमारे ३५० किलोमीटरवर होता आणि एप्रिल २०२५ मध्ये वातावरणात परतला. पण त्या उंचीवर अणुरूप ऑक्सिजन भरपूर असतो, त्यामुळे झिजेचा निकाल लवकर लागतो, आणि अतिनील किरणांनी होणारा बिघाडही सुरुवातीच्या काळात सर्वांत वेगाने होतो. काही लेप तेवढ्यातच बाद ठरतील. उरलेल्यांसाठी त्याच चकत्यांची छोटी पाटी भूस्थिर कक्षेतल्या सरकारी उपग्रहांवर बसवावी, जिथे विद्युतभारित कणांचा मारा वर्षानुवर्षं चालतो. एका पाटीचं वजन आणि वीज त्या उपग्रहांना जाणवणारही नाही.

दुसरा आक्षेप असा की परदेशातला सिद्ध झालेला रंग विकत मिळतो, मग हा खटाटोप कशाला? सिद्ध झालेला असतो तो विशिष्ट घाणा, विशिष्ट पत्र्यावर, विशिष्ट कक्षेत. झेड-९३ चंच पाहा. त्यातलं मूळ सिलिकेट बनवणाऱ्या कंपनीने ते बंद केलं, दुसऱ्या कंपनीचं घ्यावं लागलं, नाव झेड-९३पी झालं आणि सगळ्या चाचण्या नव्याने कराव्या लागल्या. जुनी आकडेवारी हाताशी होती म्हणून नवा लेप कशाशी ताडून पाहायचा हे तरी ठाऊक होतं.

तिसरा आक्षेप गुप्ततेचा. इथे कृती आणि कामगिरी यांची गल्लत होते. सिमेंटच्या गोणीवर ४३ की ५३ ग्रेड हे छापावंच लागतं. भट्टीत काय चालतं ते कंपनीचं स्वतःचं. लेपाचंही तसंच करता येईल. दळणाचे तास आणि भाजण्याचं तापमान बनवणाऱ्याने आपल्याजवळ ठेवावं. शोषणांकाचा आलेख आठवड्यागणिक जाहीर व्हावा.

खाजगी कंपन्यांनीच हे का करू नये? कारण मोजणाऱ्याचा खर्च एकट्याचा आणि फायदा प्रतिस्पर्ध्यांचाही. २०२० मध्ये हे क्षेत्र खाजगी उद्योगांना खुलं झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये इन-स्पेस या खाजगी अंतराळ उद्योगांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या छत्राखाली १००० कोटींच्या भांडवल निधीला मंजुरी मिळाली. त्या पैशातून उपग्रह उभे राहतील, ते राहावेतच. पण परताव्याची वाट पाहणारा गुंतवणूकदार दहा चकत्या दहा वर्षं तापताना बघत बसणार नाही. शिवाय नुकसान एकट्याचं राहत नाही. १९८३ मध्ये चॅलेंजरच्या खिडकीच्या काचेला खड्डा पाडला तो रंगाच्या एका कपच्याने. एकाच्या उपग्रहावरून सुटलेला रंग दुसऱ्याच्या वाटेत येतो.

आणि लेप शोधण्यासाठी अवाढव्य प्रयोगशाळा लागते हा समज युरोपच्या सोलर ऑर्बिटरने मोडला आहे. सूर्याच्या इतक्या जवळ पांढरा लेप काळवंडणार हे ठरलेलं, म्हणून आधीच काळा पण न बदलणारा लेप निवडला: जाळलेल्या हाडांपासून मिळणारं कॅल्शियम फॉस्फेट, टायटॅनियमच्या पत्र्यावर, ५०० अंशांच्या वर टिकणारं. तो दिला आयर्लंडच्या एन्बायो या छोट्या कंपनीने, जिचं तंत्र मुळात शरीरात बसवायच्या टायटॅनियम रोपणांसाठी होतं. शुभ्रतेपेक्षा स्थिरता मोठी मानण्याचा हा निर्णय मला या क्षेत्रातल्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो. तो घेता आला, कारण पांढऱ्याचं पुढे काय होतं याची आकडेवारी समोर होती.

महाराष्ट्रात रंगशास्त्र शिकवणाऱ्या जुन्या संस्था आहेत: माटुंग्याची आयसीटी, नागपूरची लक्ष्मीनारायण, जळगावच्या विद्यापीठाचा रंगतंत्राचा अभ्यासक्रम. पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ हे विद्यार्थी उपग्रह २०१६ मध्ये कक्षेत गेले. म्हणजे बाइंडर कळणारे हात आणि कक्षा कळणारी डोकी एकाच राज्यात आहेत. त्यांना जोडायला वर्षाकाठी पोएमवर एक राखीव पाटी आणि ठरलेला अर्ज पुरेल. निवड झालेल्या प्रत्येक नमुन्याची माहिती एकाच तक्त्यात यावी: पत्रा कोणता, जाडी किती, घाण्याचा क्रमांक, उड्डाणापूर्वीचे दोन्ही आकडे, कक्षेची उंची, तोंड कोणत्या दिशेला, सूर्यप्रकाशाचे एकूण तास, ऑक्सिजनचा एकूण मारा, आणि दर आठवड्याचा शोषणांक. बाद झालेले नमुने तक्त्यातून वगळायचे नाहीत. कोणत्या आठवड्यात कोणता लेप तपकिरी पडला तेही तिथेच, त्याच ओळीत.